चुकलं की येणारा आवाज

१४ जानेवारी १९७४

संक्रांत. हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही. दुपारभर गणित केलं.

समद्विभुज त्रिकोण. एक बाजू ३क्ष − ४, दुसरी क्ष + ६. दोन्ही सारख्या. क्ष काढायचा. मी काढला — एक! तेवढ्यात पाठीमागून, "कमल, ताळा केलास का?"

यांचाच आवाज. पण हे तर दिवाळीच्या आधीच वारले. मी मागं वळून बघितलं नाही. ताळा केला. एक बाजू आली उणे एक, दुसरी सात.

"बाजू कधी उणे असते होय? चार पलीकडं नेलेस, चिन्ह कोण बदलणार?" वर्गात पोरांना म्हणायचे तसंच. हसत.

१५ जानेवारी

क्ष पाच. दोन्ही बाजू अकरा. जुळलं.

मागं कुणी नव्हतं.

२ फेब्रुवारी

चन्नप्पा भावजी अक्कलकोटहून आले. "वैनी, मॅट्रिक झालात तर दादा शिकवायचा त्या शाळेत नोकरी देतो म्हणतंय हेडमास्तर. मग ऱ्हावा की सोलापुरात. न्हाय झालात तर उन्हाळ्यात आमच्या म्हाताऱ्या अव्वाला घिऊन गावाकडं चला. दोघी बायका हितं एकट्या कशाला?" लई सरळ माणूस. रागावताही येत नाही. पण मला ही खोली सोडायची नाही. हे इथंच येतात!

मी जेवायला बसत नव्हते म्हणून सासूबाई ओरडल्या, "काय पुटपुटतीस मघापासनं? जप चाललाय?"

"क्षचा," मी म्हटलं.

त्या हसल्या. लेक गेल्यापासून पहिल्यांदा. "साकु की आता, पुरे. जेव."

१९ फेब्रुवारी

आता कळलं. उत्तर बरोबर आलं की हे येत नाहीत. चुकलं तरच येतात. आज पानभर गणितं केली, एकही चुकलं नाही. रडू आलं. सासूबाईंना वाटलं, जमत नाही म्हणून. "पास हुशील गं, रडू नगं." त्यांना काय सांगू!

४ मार्च

चूक व्हावी म्हणून भराभर सोडवते. हात आपोआप चिन्ह बदलतो. यांनीच लावलेली सवय.

१० मार्च

उद्या गणिताचा पेपर. ठरवलंय — त्रिकोण आला की चुकायचं. निम्मे धडे व्हायचेच राहिलेत, मार्क तसेही काठावरच पडणार. त्या एका गणितानं नापास झाले तर होऊ दे. गावाकडं जावं लागलं तरी चालेल. एकदा ऐकू येऊ दे.

११ मार्च

त्रिकोण आला. मुद्दाम चिन्ह बदललं नाही. चुकीचा क्ष लिहिला आणि थांबले. खूप वेळ थांबले. पर्यवेक्षक बाईंच्या चपला तेवढ्या वाजत होत्या.

मुद्दाम केलेल्या चुकीला हे येत नाहीत. आणि खरी चूक आता माझ्याकडून होत नाही.

खोडलं. बरोबर लिहिलं.