माझ्या नावावर गेलेला थेंब

बाबा, विक्रोळीच्या कंपनीच्या दवाखान्यात तुम्ही रक्त-लघवी तपासायचात, तेव्हा मी शाळेतून परस्पर तुमच्याकडे यायचे. एकदा नोकरीच्या तपासणीला आलेल्या माणसाने भावाची लघवी आपली म्हणून दिली. बाटली गार लागली, म्हणजे घरून भरून आणलेली, आणि तुम्ही त्याला पकडलंत. "दुसऱ्याच्या बाटलीने तुझा आजार जाणार काय रे?" म्हणत ती मोरीत ओतलीत. घरी येताना मी त्याला बिचारा म्हटलं, तर माझ्यावरही डाफरलात. "बिचारा कसला गो? त्याला काय झालंय ते कुणालाच कळलं नसतं."

आता तपासणी आमच्या घाटकोपरच्या स्वयंपाकघरात होते. मला साखर आहे. मुलाने बंगळूरहून मशीन पाठवलंय. बोटाला टोचून थेंब पट्टीला लावला की आकडा आपोआप त्याच्या फोनवर जातो. चढला असेल तर पाच मिनिटांत फोन, "आई, काल काय खाल्लंस? खरं सांग ना." तो काळजीनेच विचारतो, पण या वयात रोज सकाळी झडती दिल्यासारखं वाटतं, जीव नकोसा होतो. सोमवारी एका बारशाला मी दोन जिलब्या खाल्ल्या. म्हणून मंगळवारी ह्यांना म्हटलं, आजच्या दिवस तुमचं बोट द्या. हे हसले. "घे, आपलं रक्त एकदम झकास," म्हणाले आणि टोचून घेऊन आंघोळीला गेले.

आकडा आला दोनशे ब्याऐंशी, तोही उपाशीपोटी. माझा इतका कधीच आला नव्हता. फोन वाजला, मुलगा रडकुंडीला आला होता. मी म्हटलं, "हो रे, जिलब्या खाल्ल्या. चुकलं माझं."

आज चौथा दिवस. खरं सांगितलं तर मुलगा माझ्या एकाही आकड्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. आणि ह्यांना कसं सांगू? साखरेने ह्यांच्या थोरल्या भावाचा पाय गेला, पुढे ते गेलेही, तेव्हापासून हे तपासणीचं नाव काढू देत नाहीत. माझ्यासाठी म्हणून बोट दिलं, स्वतःसाठी कधीच दिलं नसतं. तांब्यामागून तांब्या पाणी पितात आणि मी आपली उन्हाळ्याला दोष देत होते. मला भीती वाटते, बाबा. घरात दोघंच आहोत आणि तोंड उघडायला जागा नाही.

तुमच्यापर्यंत हे पोचणार नाही, म्हणूनच लिहिता येतंय. आज सकाळी ह्यांनी चहा मागितला. मी रोजच्यासारखी दोन चमचे साखर घातली. कमी घातली असती तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं.