पंगतीतली माफी

सिरसाळा, ३ डिसेंबर २०२४

ती. शिवकांता आत्याआजीस,
शि. सा. न. वि. वि.

केदारनाथकाकांनी माझा मोबाइल काढून घेतलाय, म्हणून पत्र. काल मठातल्या पंगतीत मी वरण वाढत होते. सगळे बघायला लागले की माझे हात थरथरतात. वरण सांडलं. काका मोठ्यानं म्हणाले, शाळेत पोरींना डबा फेकून मारायला येतं हिला, वाढायला येत न्हाई. पंगत हसली. मी अख्खी बादली त्यांच्या मांडीवर ओतली. कोमट होती, नशीब त्यांचं.

आता १६ तारखेला त्याच पंगतीत उभं राहून माफी मागायची, नाहीतर शाळा बंद. लोक मला गुंड म्हणतात, म्हणू देत. पण थरथरताना कुणी बघितलेलं मला सहन होत नाही. काकांच्या बुलेटच्या टाकीत मी साखर टाकणार हाय.

आजवर लावलास तसाच जीव लाव.
तुझी ईश्वरी

बीड, ७ डिसेंबर

चि. ईश्वरीस अनेक आशीर्वाद.

साखर चहात घाल. कॉन्व्हेंटात कविता म्हणायला उठले की मी हात फ्रॉकमागे लपवायची. सिस्टरना वाटे, काय शिस्त!

तुझ्या काकाला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. चौदाव्या वर्षी पंगतीत श्लोक म्हणायची पाळी आली आणि केदारची चड्डी ओली झाली. कुणाला कळू नये म्हणून त्यानं ताट लाथाडलं आणि पळाला. ताटासाठी त्याच्या बापानं, माझ्या दादानं, त्याला बडवलं. चड्डी मी धुतली, कुणाला बोलले नाही. आणि तो माझ्या नातीला भर पंगतीत हसतो? माफी माग, आणि मग हे सांग. खुशाल सांग.

जेवणाची हेळसांड करू नकोस, बाळा.
तुझी आत्याआजी

सिरसाळा, १९ डिसेंबर

ती. आत्याआजीस,
शि. सा. न. वि. वि.

माफी मागितली आणि लगेच सांगितलं. आधी कुणाला खरं वाटेना. मग काकांचं तोंड बघून पंगत लई हसली. शहादेव आजोबांनी तर विचारलं, श्लोक कोणता व्हता रं? काका अर्ध्या ताटावरून उठले. मला इतकं गोड वाटलं की हात थरथरत होते का, ते बघायचंच राहिलं.

तीन दिवस काकांनी दुकान उघडलं नाही. खोलीला आतून कडी. काकू म्हणते, तूच हाक मार. मला कुणी अशा वेळी हाक मारली की मी हातातलं फेकून मारते. म्हणून दोन्ही वेळा ताट दाराशी ठेवते, कडी वाजवत नाही, आणि अंगणातल्या सगळ्यांना बाहेर काढते.

मला वाईट वाटतंय असं मात्र समजू नकोस.

तुझ्याच मायेची,
ईश्वरी