नववी खेळी

कोल्हापूर,
दि. १९ ऑगस्ट २००४

चि. विद्याश्रीस आशीर्वाद.

तुला बुद्धिबळ शिकवायचं ठरवलं तेव्हा मी स्वतःच्या हातानं केलं ते असं: सागवान आणि शिसवीचा पट, एकेक घर दोन इंच, सूतभर फरक नाही. बत्तीस मोहरे लेथवर काढले. घोड्यांची चार डोकी मात्र पटाशीनं कोरली. बुडात शिसंही मीच ओतलं. गजराची दोन घड्याळं एका पेटीत बसवून खेळाचं घड्याळ केलं. फाउंड्रीचे लाकडी साचे करणाऱ्या पॅटर्नमेकरच्या घरात विकतचं कशाला, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो.

इकडे बरं आहे. तुझ्या अव्वाचे गुडघे तसेच. निपाणीत तुमच्या कापडदुकानात सणाची गर्दी सुरू झाली असेल.

मी एक जुना कॉम्प्युटर घेतला. तुझे २१२ डाव त्या वेळी कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर घालून सीडीवर भरून ठेवले होते, ते त्यात उतरवले. बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममध्ये दिसतात सगळे. पण नवा डाव घालून सेव्ह करायला गेलं की मशीन म्हणतं, ही फाइल फक्त वाचायची आहे. अकरा दिवस लढलो. प्रोग्रॅम चार वेळा काढून पुन्हा टाकला. विचारलं कुणालाच नाही. शेवटी अव्वानंच कॉम्प्युटर क्लासच्या जिनेंद्रला बोलावून आणलं.

"काका, सीडीवरनं उतरलेल्या फाइलला ती खूण चिकटूनच येती की." त्यानं राइट क्लिक केलं, प्रॉपर्टीज उघडलं, 'रीड-ओन्ली'पुढची टिक काढली. झालं. "अकरा दिवस? एक हाक मारायची न्हाय व्हय?"

"त्यांना हाक मारता येत न्हाय," अव्वा आतून म्हणाली.

नवा डाव कुठला, असं तू विचारशील. नाशिकचा, मे १९९९, शेवटची फेरी. तू सोळाची होतीस. त्या वेळी रागानं मी तो फाइलीत घातलाच नव्हता. एकतिसाव्या खेळीला तू राजा आडवा केलास, आणि कोल्हापूर येईपर्यंत एसटीत मी एकच घोकत राहिलो: जिंकता डाव सोडलास. त्यानंतर तू पटाला हात लावला नाहीस.

तुझ्या अक्षरातला कागद समोर ठेवून काल दुपारी तो घातला. सेव्ह झाला. मग मशीनला तपासायला दिला. तू सोडलास तेव्हा डाव हरलेलाच होता. मी तीनदा तपासून घेतलं. मशीन दर वेळी मागं मागं जातं आणि नवव्या खेळीपाशी थांबतं. हत्तीपुढचं प्यादं दोन घरं.

ती खेळी तुझी नव्हे. कुठल्याच पुस्तकात नाही म्हणून मोठ्या अभिमानानं मीच तुझ्याकडून पाठ करून घेतलेली.

आता फाइल मोकळी आहे. तिच्यात घालायला पुढचा डाव नाही.

अजून एक राहिलं. एसटीत बसताना तू विचारलं होतंस, "अप्पा, माझ्याबद्दल कुणी काय विचारलं का?" मी न्हाय म्हणालो. विचारलं होतं. तू पिशवी भरत होतीस तेव्हा पुण्याचे प्रशिक्षक गणपतराव जिन्यात भेटले. म्हणाले, पोरगी चांगली आहे, सुरुवातीच्या खेळी तेवढ्या मोडून नव्यानं शिकवाव्या लागतील. मी म्हणालो, माझ्या पोरीला मी शिकवतो. त्यांनी देऊ केलं होतं ते असं: तीन वर्षं पुण्यात शिकवणी, राहणं-जेवण त्यांच्याकडं, आणि वर दरमहा पंधराशे रुपये, तुझ्या नावानं.

अप्पा