संदर्भसूचीत न घातलेलं नाव

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, हे इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी माझ्या मानगुटीवर बसलेलं नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. मी न अडखळता दोनपर्यंत पोचलो. त्यांना नवल वाटलं, मला राग आला. याआधीची माझी सर्व इच्छापत्रं रद्द समजावीत.

कलम १. राहता फ्लॅट माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. तो माझ्या पश्चात माझ्या एकुलत्या एक मुलीचा. अट कोणतीही नाही. अट घालायचा मोह फार झाला होता, पण तिच्यावर तरी जबरदस्ती नको.

कलम २. बँकेतली ठेव मुलीचीच. पुस्तकं ग्रंथालयाने नेली तर ठीक, नाहीतर रद्दीवाल्याला बोलवावं. माझा पट्टशिष्य, जो सध्या आमच्या शास्त्राच्या नियतकालिकाचा संपादक आहे, याला माझं चौकटीतलं मानपत्र द्यावं. चौकटीला आतून वाळवी लागली आहे. हे त्याला सांगू नये.

कलम ३. टेबलाच्या खालच्या खणात हिरव्या कापडी बांधणीचा एक प्रबंध आहे. ती माझी मिळकत नाही. सदतीस वर्षांपूर्वी मी तो ग्रंथालयातून आणला आणि परत केला नाही. त्याची दुसरी प्रत कुठेही नाही, हे मला आणतानाच ठाऊक होतं.

तो लिहिणाऱ्या बाई आधी परिचारिका होत्या, मग समाजशास्त्र शिकल्या. रुग्णालयात त्यांना सगळे ‘बाकवाल्या बाई’ म्हणत, कारण सहा वर्षं त्या बाह्यरुग्ण विभागात बाकासमोर वही घेऊन बसल्या. नंबर यायच्या आधीच कंटाळून कोण उठून जातं, कधी जातं, हे त्या टिपत. त्यांना दिसलं ते असं: वेळ फार झाला म्हणून माणूस उठत नाही. शेजारचा माणूस पुकारा न होताच उठून गेला, की तो उठतो. मग त्याच्या शेजारचा. बघता बघता अख्खा बाक रिकामा होतो.

हे मी वाचलं, वहीभर उतरवलं आणि समीकरणात बसवलं. बाकाऐवजी बाजार लिहिला, रुग्णाऐवजी गुंतवणूकदार. त्याला ‘रिकाम्या खुर्चीचा सिद्धांत’ म्हणतात. तो आज जगभर शिकवतात. तो मांडणाऱ्या माझ्या लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात वाक्य आहे: ‘आमच्या माहितीप्रमाणे या विषयावरील हा पहिलाच अभ्यास आहे.’ ते माझं आहे. सहलेखक मित्राने फक्त मान डोलावली.

लेख छापायला जायच्या आदल्या दिवशी बायकोने विचारलं होतं, “अहो, त्या बाईंचं नाव घातलंत का?”

“ते समाजशास्त्र आहे. आमच्यात तसल्या गोष्टींचा संदर्भ देत नाहीत.”

“आमच्यात म्हणजे कुणात?”

मी लेखाचं पाकीट बंद केलं. तिनेही पुन्हा कधी विचारलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

बाई एकदाच भेटल्या. माझ्या जाहीर व्याख्यानाला पहिल्या रांगेत येऊन बसल्या. मध्येच हात वर केला. “तुमचा बाक किती जणांचा धरलाय?” मी म्हणालो, माझ्या मांडणीत बाक नाही. सभागृह हसलं. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं आणि उठून गेल्या. मिनिटाभराने त्यांच्या शेजारचा गृहस्थ उठला. मग त्याच्या शेजारची मुलगी. अकरा मिनिटांत सभागृहात मी आणि पंखे उरलो. मी व्याख्यान शेवटपर्यंत दिलं, कारण थांबायची भीती वाटत होती.

पुढे त्या वारल्या. मला तीन वर्षांनी कळलं.

कलम ४. हे कलम वाचताना मुलीने घाबरू नये. प्रबंधाच्या शेवटी कोरी पानं आहेत. बाई गेल्याचं कळलं त्या आठवड्यात पहिल्या पानावर एक ओळ दिसली, त्यांच्याच बारीक, डावीकडे कललेल्या अक्षरात: ‘जागा पहिली. पुरुष, वय ६६. पुकारा नाही. उठले, ९.४०.’ त्याच दिवशी सकाळी नऊ चाळीसला माझा सहलेखक मित्र गेला होता. पुढच्या वर्षी: ‘जागा दुसरी. स्त्री, वय ६९. पुकारा नाही. उठल्या, ४.१०.’ दुपारी चार दहाला मी बायकोचा हात धरून बसलो होतो.

तेव्हापासून रोज एक ओळ असते. ‘जागा तिसरी. पुरुष. बसून आहेत.’

डॉक्टरांना पानं दाखवली. ते म्हणाले, “सर, रागावू नका. शाई तुमच्या पेनाची आहे. तुम्हीच लिहिताय.” असेलही. मग बाईंचं अक्षरसुद्धा मी उचललं, आणि तेही कोणाला न सांगता.

इथपर्यंत मी गप्प बसलो असतो. पण गेल्या महिन्यापासून दोन ओळी येतात. दुसरी अशी: ‘जागा चौथी. स्त्री, वय ४७. बसून आहेत.’ माझी मुलगी सत्तेचाळीस वर्षांची आहे.

कलम ५. प्रबंधाचं सातवं प्रकरण मी माझ्या लेखात घेतलंच नव्हतं, कारण ते समीकरणात मावेना. त्यात बाईंनी लिहिलं आहे की उठण्याची ही साखळी एकाच गोष्टीने तुटते. कोणाचं तरी नाव मोठ्याने पुकारलं गेलं, की बाकावरची उरलेली माणसं बसून राहतात.

मी दुरुस्तीचं पत्र संपादकाला पाठवलं. पट्टशिष्याने फोन केला. “सर, आता कशाला उकरून काढताय? दुसऱ्या शाखेतलं आहे, वाचक गोंधळतील.” पत्र परत आलं.

मग मुलीला सांगितलं. तीही अर्थशास्त्र शिकवते, माझ्याच सिद्धांतावर.

“बाबा, माझ्या प्रबंधातही तुमच्या लेखाबद्दल तेच वाक्य आहे. ‘पहिलाच अभ्यास.’ तुमच्या भरवशावर लिहिलं मी.”

“माहीत आहे.”

“हे बाहेर आलं तर माझी नोकरीही जाईल.”

“तेही माहीत आहे.”

माझ्यामुळे ती कात्रीत सापडली आहे. याची मला लाज वाटते, आणि लाज वाटून काही होत नाही. म्हणून परिशिष्ट ‘अ’ जोडलं आहे. त्यात बाईंचं पूर्ण नाव, प्रबंधाचं शीर्षक आणि वर्ष यायचं आहे. माझ्या पश्चात हे इच्छापत्र वाचताना परिशिष्ट आधी आणि मोठ्याने वाचावं, मग ते छापावं. संपादक नाही म्हणाला तर वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी.

येथे सही करतो.

(सही) लिहून ठेवणार

स्थळ: लिहून ठेवणाऱ्याची बसायची खोली
दिनांक: १४ ऑक्टोबर, सकाळी ११.२०

साक्षीदार १: वरच्या मजल्यावरचे डॉक्टर (सही)
साक्षीदार २: ग्रंथालयाच्या निवृत्त ग्रंथपाल (सही)

साक्षीदारांची टीप, डॉक्टरांच्या हस्ताक्षरात: आमच्या सह्या झाल्या तेव्हा परिशिष्ट ‘अ’चं पान कोरं होतं. मी सरांना विचारलं, तुम्हीच नाव का लिहीत नाही? सर म्हणाले, “जागा सोडली आहे ना.” त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीने हे ऐकलं. तिने त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि बाईंचं नाव, आडनावासकट, एकेक शब्द मोठ्याने उच्चारत लिहिलं. नाव पुरं झालं तेव्हा बाहेरच्या जिन्यावरून एका बाईंचा आवाज आला: “आले, आले.” तो आम्हा चौघांनाही ऐकू आला. ग्रंथपालबाईंनी दार उघडलं. जिना रिकामा होता. हे खरं असल्याचं आम्ही दोघे लिहून देतो.