ठिपकी सापडली का?

बीड, सोमवार

तीर्थरूप सारजाआत्यास,

भाचा नाथाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. पाय मागं घेऊ नको, कागदावरूनच ठेवतोय. तुझा गुडघा कसा हाय? काळी शेळी व्याली का? फोनवरच इचारलं असतं, पर माझा आवाज ऐकला की तू फोन ठेवून देतीस. धनश्री वहिनी पत्र वाचून दाखवतील, त्यांनाबी नमस्कार. (वहिनी, कंसातलं तेवढं मनातच वाचा. आत्या रागात असली तर आधी चहा पाजा, मंग पुढचं वाचा.)

तर मी बीडमधी अल्बम करायलोय. आठ गाणी. कंपनी-बिंपनी काय न्हाई. मीच गायक, मीच मालक, अन् पेटी पिकअपमधी चढवायची येळ आली की हमालबी मीच. हळदी, बारशी, जत्रा, पुढाऱ्यांचे वाढदिवस करत दहा वर्सं समदा जिल्हा हिंडलो. घसा गेला, पिकअपच्या दाराची कडी गेली, ढोलकीवाला सटवा तेवढा कुठं गेला न्हाई. आता म्हणलं, आपल्या मागं कायतरी ऱ्हावं. त्यात पहिलं गाणं तुझंच धरलंय, हरवलेल्या ठिपकी शेळीचं. ते न्हाई झालं तर बाकीच्या सातांना माझ्या लेखी काय किंमत न्हाई.

तू माझ्यावर कशापायी रुसलीस ते मला ठाऊक हाय. पर माझी अडचणबी ऐकून घे. आपल्याकडं गाणं चालू असताना कुणी पुढारी मांडवात आला की गाणाऱ्यानं तिथंच थांबून त्याचं नाव घ्यायचं असतंय. न्हाई घेतलं तर पुढच्या साली त्या गावात आपल्याला कोण इचारत न्हाई. त्या दिवशी पाटोद्याला गाण्यातली ठिपकी माळावर हरवली, बायांनी डोळ्याला पदर लावला, अन् नेमके त्याच टायमाला रामकिसन आप्पा आले. गायरानाला तार मारून तुझ्या शेळ्यांना कोसभराचा वळसा घालायला लावला, तेच. माझ्या तोंडातून गेलंच, "गोरगरिबांचे कैवारी, गायरानाचे रक्षक, आप्पासाहेबांचं सहर्ष स्वागत!" कैवारीपस्तोर तू सोसलंस. रक्षक म्हणल्यावर उठलीस. चप्पल हातात घेतलीस ती पायात घालायलाच, असं मी लोकांना सांगत असतो. (वहिनी, खरं काय ते तुमाला ठाऊक हाय. सटवाच्या ढोलकीचं कातडं फाटलं, पुडी बदलावी लागली.)

स्टुडिओवाला शिवशंकर पुण्याहून शिकून आलाय. बोलतो कमी, सुस्कारे जास्ती टाकतो. खोलीला चारी बाजूंनी गाद्या मारल्यात, आवाज होतो म्हणून पंखाबी बंद. माझ्या कानाला डबडी लावली, त्यात टकटक टकटक, अन् म्हणला ह्या ठेक्यावर गा. अरे बाबा, मी माणसांच्या तोंडाकडं बघून गाणारा, गादीकडं बघून कसा गाऊ? तरी सुरू केलं. तिसऱ्या कडव्यात खालच्या टपरीवरचा बंकट चहा घेऊन आत आला. दार उघडलं अन् माझा हात आपोआप वर! "आपल्या भागाचे धडाडीचे कार्यकर्ते बंकटराव यांचं आगमन झालेलं हाय!" बंकटनं चहा खाली ठिवला, हात जोडले, अन् बसायला खुर्ची हुडकाय लागला. दुसऱ्या खेपेला मीटर बघायला एक माणूस आला. पन्नाशीचा होता, पर त्यालाबी मी युवकांचं आशास्थान केलं. शिवशंकरनं दाराला आतून कडी घातली. तिसऱ्या खेपेला खिडकीतून मांजर आलं. त्याचंबी झालं.

मंग खिडकीबी लावली. अन् आत्या, मधी कुठं न थांबता गाणं जे सुटलं, ते दहा वर्सांत पहिल्यांदाच. लई झ्याक झालं. शिवशंकरच्या गालावरून पाणी आलं. (घाम असंल वहिनी, पंखा बंद होता.)

हिकडं समदं खुशाल हाय. तुझ्याकडं मागायचं असं काय न्हाई, आशीर्वाद तेवढा असू दे.

तुझाच,
नाथा

ता. क. झ्याक झालं असं वर लिहिलंय, ते पाचव्या कडव्यापस्तोर. पाचवं संपलं अन् मी कानाची डबडी काढली. शिवशंकर म्हणला, "पुढं?" म्हणलं, पुढं काय? तर म्हणतो, "शेळी सापडली का?" आत्या, मला ठाऊकच न्हाई! ल्हानपणी माळावरून येताना मला खांद्यावर घेऊन तू गायचीस, अन् पाचव्यापस्तोर माझा डोळा लागलेला असायचा. मोठेपणी दर टायमाला पाचव्याच्या आत कुणीतरी पुढारी हजर. एवढ्या लोकांना रडवलं, पर ठिपकीचं पुढं काय झालं ते मीबी कधी इचारलं न्हाई. दहा वर्सं तुझं गाणं मिरवलं, अन् शेवट ऐकून घ्यायला तुझ्यापाशी घडीभर बसलो न्हाई. लई लाज वाटली.

ता. क. दुसरा. माझ्या मनानं एक कडवं रचून बघितलं. त्यात ठिपकी घरी येती अन् समदा गाव तिला हार घालतो. शिवशंकर म्हणला, हेबी स्वागतच झालं. तवा गुरुवारी सकाळच्या गाडीनं ये. शेवट फोनवर सांगू नको, येऊन तूच गा. अल्बमवर तुझं नाव माझ्या वर टाकतो. मी स्टँडवर पिकअप घेऊन उभा ऱ्हातो, दार सटवा धरून बसंल. (वहिनी, पातळ चप्पल घालून पाठवा.)

ता. क. तिसरा. हे वहिनी, मोठ्यानंच वाचा, लपवून उपयोग न्हाई. स्टुडिओ ज्या इमारतीत हाय, ती रामकिसन आप्पांची. गुरुवारी फोटो काढून घ्यायला येतो म्हणलेत. येऊ दे. आतली कडी तू तुझ्या हातानं लाव. दार किती का वाजंना, मी नाव घेणार न्हाई, तुझ्या गळ्याची आण. ठिपकीचं काय ते कळंस्तोवर आप्पा जिन्यातच उभे ऱ्हातील. तेवढा वळसा त्यांनाबी पडू दे.