तापलेल्या प्रोसेसरबद्दल सुवर्णाआत्यास

सातपूर, नाशिक
मे २००६

तीर्थस्वरूप सुवर्णाआत्या,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, मामांचा खोकला हटला का, आणि पॅकहाउसमधला जनरेटर अजून तुम्हा दोघांपेक्षा मोठ्यानं बोलतो का, ते कळव. इकडे सगळं ठीक आहे. ते तुझ्यामुळे ठीक आहे, हे सांगायलाच लिहायला बसलोय.

परवा फोनवर तू विचारलंस की महिनाभर मी नेमकं करत होतो तरी काय, आणि मी (तुझा इंजिनिअर भाचा) विषय द्राक्षांवर नेला. तर आता ऐक. आमच्या कारखान्यात मशीनशेजारी छोटे कॉम्प्युटर बसवतात, ते उन्हाळ्यात तापून बंद पडायचे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात, आणि त्यात प्रोसेसर सांभाळणारा एक ड्रायव्हर असतो (याला लायसन लागत नाही). त्याला वेग आवरायला शिकवायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलं. काम आलं की पळ, नसलं की सावकाश चाल, अंग तापलं की एक पायरी खाली उतर. जमलं तर माझी नोकरी कायम, नाहीतर रामराम.

माझी खोली पत्र्याची, त्यात लोडशेडिंग. म्हणून त्यातला एक कॉम्प्युटर घेऊन पिंपळगावला तुझ्याकडे आलो, आणि तू मला मामांचा स्वेटर आणि कानटोपी चढवून थेट पॅकहाउसच्या शीतगृहात, द्राक्षांच्या पेट्यांमध्ये बसवलंस. बोटं आखडली की चहा आणायचीस. (पेट्या भरणाऱ्या बायका मलाही एक्स्पोर्टचा माल समजून हसायच्या, ते मी मनावर घेतलं नाही.) तिथे कॉम्प्युटर इतका गुणी वागला की मी साहेबांना छाती काढून सांगितलं, झालं काम.

साहेबांनी एप्रिलच्या भर दुपारी तो भट्टीशेजारी लावला. प्रोसेसर तापला आणि सावकाश व्हायच्या ऐवजी जास्तच पळाला. आणखी तापला, आणखी पळाला, आणि शेवटी त्यानं मान टाकली. 'एक पायरी खाली' लिहायचं तिथे मी 'एक पायरी वर' लिहून ठेवलं होतं, आणि तुझ्या शीतगृहात तापायची वेळच न आल्यानं ती ओळ कधी चाललीच नव्हती. साहेब चिडले नाहीत. चष्मा पुसत एवढंच म्हणाले, "तपासलंस कुठे?" मी खरं ते सांगितलं. ते खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बोट करून म्हणाले की आठवडाभर घे, पण या खेपेला ऊन बघून बस.

चूक दुरुस्त करून, तोंड पाडून पुन्हा तुझ्या दारात आलो. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया सरकवून मधोमध कॉम्प्युटरला जागा केलीस. उन्हात पडदा दिसेना म्हणून मी डोक्यावर चादर घेऊन आकडे बघत बसलो, तर तू छत्री आणून नेमकी कॉम्प्युटरवरच सावली धरलीस. (त्याला मुद्दाम उन्हात ठेवलंय म्हटल्यावर तू माझ्याकडे जे पाहिलंस, ते मी विसरणार नाही.) मग लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा त्याच्यावर तळवा ठेवून बसलीस. पडद्यावर वेग एक पायरी उतरला, मग दुसरी. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना, तेवढ्यात तू म्हणालीस, "साई, ताप उतरतोय रे याचा."

आत्या, त्यानंतर बराच वेळ मी चादरीतून तोंड बाहेर काढलं नाही, ते उन्हामुळे नव्हे.

काल नोकरी कायम झाल्याचं पत्र हातात पडलं. भट्टीशेजारचा कॉम्प्युटर शहाण्यासारखा चालतोय. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत. असेच अंगावर राहू देत.

तुझा,
साई

ता. क. : कर्नेल जगभरातले लोक मिळून लिहितात, म्हणून आम्हीही आमची सुधारणा तिकडे पाठवली. खाली तपासणाऱ्याचं नाव लिहायची पद्धत आहे. मी लिहिलं, 'तपासणी : सुवर्णा चिमाजी बोरस्ते, पिंपळगाव बसवंत'. तुला विचारायचं राहून गेलं, रागावू नकोस.

ता. क. दुसरा : कर्नेलचा तो भाग सांभाळणारे एक जर्मन गृहस्थ आहेत. त्यांनी श्रीमती बोरस्ते यांना मोठ्या अदबीनं विचारलंय की तापमान कोणत्या साधनानं मोजलं. इंग्रजीत उत्तर मी लिहितो. तू फक्त एवढंच कळव, हात डावा होता की उजवा?