चपलांवरून मोजलेली हजेरी

प्रति,
मा. महिला उपक्रम अधिकारी,
ग्रामसुधार कचेरी, हैदराबाद

विषय : अंबरपेठ जुनी वस्ती महिला मंडळाच्या अकरा मासिक अहवालांतील हजेरी चुकीची असल्याची कबुली, व सुईण-वर्ग न हलविण्याची विनंती.
संदर्भ : आपला दि. १८ फेब्रुवारी १९५२ चा आदेश.

महोदय,

दि. ९ मार्च १९५२, रविवार, दुपारी साडेचार वाजता माझ्या घराच्या दालनाबाहेर चौदा जोड चपला होत्या आणि त्याच दालनातून तेहेतीस बायका बाहेर आल्या. हा फरक माझ्यामुळे पडला आहे. तो कसा पडला ते क्रमाने मांडतो.

१. मी निवृत्त ओव्हरसियर आहे. तांत्रिक विद्यालयात शिकलो व तीस वर्षे उर्दू दफ्तरात रस्ते-पुलांची मापे लिहिली. राज्य बदलल्यावर वस्तीत महिला मंडळ निघाले. त्याच्या अध्यक्षा सावित्रीबाई या माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नी. दरमहा दुसऱ्या रविवारी मंडळ भरते. शिवण, अक्षरओळख, विहिरीत औषध टाकणे व नर्सबाईंचा सुईण-वर्ग ही कामे होतात. अहवालाचा नमुना भरण्याचे काम लिहिता येणारा म्हणून मजकडे आले.

२. बायकांच्या सभेत पुरुषाने जाऊ नये, म्हणून मी बाहेर ओट्यावर बसे. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे पाहणे बरे नव्हे, म्हणून वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरी. दार लागले की चपला मोजून दोनाने भागी, व सभा उठण्यापूर्वी निघून जाई. अकराही अहवालांत हजेरी बारा ते पंधरा आली. 'प्रत्यक्ष मोजून' या शब्दांखाली मी अकरा वेळा सही केली आहे.

३. हजेरी तिसापेक्षा कमी, सबब १ एप्रिलपासून नर्सबाई व वर्ग अन्यत्र पाठविण्यात यावा, असा आपला आदेश आला. तो वाचून दाखविण्यासाठी ९ मार्च रोजी मी प्रथमच सभा संपेपर्यंत थांबलो. वाचन संपल्यावर शेतमजुरी करणाऱ्या गंगूबाई म्हणाल्या, "साहेब, आम्ही एवढ्या जणी दर खेपेला येतो, ते सरकारला दिसत नाही का?" सरकारला मीच दाखवीत होतो. मी चपलांचा हिशेब सांगितला. सावित्रीबाई म्हणाल्या, "भावजी, दाराला आतून कडी होती, तुमच्या तोंडाला नव्हती. विचारायचं होतं."

४. अनवाणी एकोणीस जणींपैकी आठ जणींकडे चपलाच नाहीत. मला वाटले, उरलेल्या अकरा जणींचेही तेच असावे. तसे नव्हते. गंगूबाईंचेच शब्द लिहितो : "तुम्ही मोठं माणूस ओट्यावर बसलेलं. तुमच्यासमोरून पायात घालून कसं जावं? चिंचेखाली सोडून येतो की." ते चिंचेचे झाड माझ्या ओट्यापासून चाळीस पावलांवर आहे. माझ्या वडिलांसमोरूनही त्यांच्या सासवा अशाच जात. मी ते लहानपणापासून पाहिले व कधी मनावर घेतले नाही. मी मोजायला बसलो म्हणूनच माप कमी भरले. अशी मोजणी हाताखालच्या मिस्त्रीने केली असती तर मी ती फाडून टाकली असती.

५. गंगूबाईंची सून जयवंता हिचे दिवस चैत्रअखेर भरतात. तिचे पहिले मूल न उकळलेल्या कात्रीने नाळ कापल्यामुळे सातव्या दिवशी गेले. कात्री उकळावी हे गंगूबाई या वर्गातच शिकल्या. परंतु त्यांनी अद्याप एकही बाळंतपण नर्सबाईंच्या देखरेखीखाली केलेले नाही. माझ्या भागाकारामुळे ते घर पुन्हा एकटे पडले, तर त्याचा जाब मला द्यावा लागेल व तो देता येणार नाही.

६. म्हणून दि. १६ मार्च रोजी खास सभा बोलावली. चपला दारापर्यंत घालून याव्यात, असा निरोप सावित्रीबाईंकरवी दिला. मी ओट्यावर न बसता, वर्तमानपत्र न घेता, दाराशी उभा राहिलो. अकरांपैकी सात जणी चपला घालून आल्या. चौघींनी त्या हातात धरून आणल्या; त्यांतील एकीने पदराखाली. त्यांना पुन्हा सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

सबब विनंती की, सुईण-वर्ग व नर्सबाई येथेच ठेवाव्यात. खोट्या दाखल्याबद्दल जी कारवाई करणे ती मजवर करावी, मंडळावर नव्हे. आणि यापुढील हजेरी मंडळाच्या अक्षरओळखीच्या वर्गात सही व आकडे शिकलेल्या इंदुताई यांनी आत बसून, माणसे पाहून, लिहावी.

चुकीचा धनी व आपला नम्र,
एकनाथराव देगलूरकर
निवृत्त ओव्हरसियर, अंबरपेठ
दि. १७ मार्च १९५२

सोबत :
अकरा अहवालांच्या नकला, 'प्रत्यक्ष मोजून' हे शब्द माझ्या हाताने खोडलेल्या.
दि. १६ मार्चचा हजेरीपट : सह्या पाच, अंगठे अठ्ठावीस. एकूण हजर तेहेतीस.